चिलीतल्या हुकूमशाहीत बायकांनी शिवलेल्या कापडी चित्रांचा निषेध म्हणून खरंच उपयोग झाला का?

हो, झाला, आणि तो मुख्यतः देशाबाहेर झाला: चिलीतल्या वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हतं, ते या चित्रांमधून जगापर्यंत पोहोचलं. सप्टेंबर १९७३मध्ये लष्करप्रमुख पिनोशेने सत्ता बळकावली आणि पुढच्याच वर्षी राजधानी सँतियागोत बेपत्ता कैद्यांच्या आया, बायका, बहिणी चर्चच्या आधाराने एकत्र बसून ही चित्रं शिवू लागल्या. त्यांना 'आर्पियेरा' म्हणतात. गोणपाटावर कपड्यांचे तुकडे जोडायचे. कधी ते तुकडे बेपत्ता माणसाच्याच सदऱ्याचे असत. वर अँडीज पर्वत आणि लख्ख सूर्य, खाली अटक, बंद पडलेला कारखाना, सामूहिक स्वयंपाक, 'ते कुठे आहेत?' असा फलक. मला यातली सगळ्यात धारदार गोष्ट हीच वाटते की शिवणकाम म्हणजे बायकांचा निरुपद्रवी उद्योग, या समजुतीच्या आडून सुरुवातीला ते सरकारच्या नजरेतून सुटलं. सँतियागोच्या स्मृती आणि मानवाधिकार संग्रहालयात ही चित्रं आजही पाहता येतात, साक्षी-पुरावा म्हणून.

मात्र हे नुसत्या कलेच्या बळावर झालं नाही. चित्रं विकत घेऊन बाहेर पाठवणारी यंत्रणा चर्चची होती. पिनोशेच्या दबावाखाली १९७५च्या अखेरीस या बायकांना आधार देणारी चर्चची आधीची समिती बंद झाली, तेव्हा कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू कार्डिनल सिल्वा एनरिकेस यांनी १९७६मध्ये नवी संस्था उभी केली, म्हणून काम टिकलं. शिवाय अनेकींसाठी मिळणारे पैसे हीच पहिली गरज होती, कारण घरातला कमावता माणूसच नाहीसा झाला होता.