‘मारा, मारा!’ ओरडणाऱ्या लेकाला काय सांगू?

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. ‘वाघ वाचवा’ची चित्रं हौसेनं काढतो, पण परवा गोठ्यामागे धामण निघाली तर ‘मारा, मारा’ म्हणून हाच पुढे! आजोबांनी काठी घातलीच. त्याला कसं समजावू?
– एक आई, संगमेश्वर

उत्तर : ताई, वाचून जीव कळवळला. वाघ त्यानं चित्रातच पाहिलाय, धामण मात्र दारात आली होती. तेव्हा सुरुवात धामणीपासूनच करा. तिला विष नसतं. कणगीतलं धान्य फस्त करणारे उंदीर हे तिचं खाणं. म्हशीच्या पायांना वेढा घालून ती दूध पिते, हे मीही लहानपणी खरं मानायचे. ते साफ खोटं आहे. त्याला उंदरानं कुरतडलेलं पोतं दाखवा, मग बिळाचं तोंड दाखवा. माझ्या नातीला असंच दाखवलं, तर आता तीच मोठ्यांना अडवते.

एक मात्र बजावाच : कुठल्याही सापाला हात लावायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं आपल्याकडे आहेतच. लांब उभं राहायचं, मोठ्यांना हाक मारायची, सर्पमित्राला बोलवायचं. आणि आजोबांनाही सांगा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं धामण मारणं गुन्हा आहे. नातवासमोरच सांगा.