पहिले कार्ड घेण्यापूर्वी

भाऊ, चार्ज कार्डावर महिनाभर केलेला सारा खर्च बिलाच्या मुदतीत पूर्ण फेडावाच लागतो (१९५० साली सुरू झालेले डायनर्स क्लबचे कार्ड याच प्रकारचे होते), तर क्रेडिट कार्डावर किमान रक्कम भरून उरलेली बाकी व्याजाने पुढे नेता येते. या सवलतीचीच मला तुमच्यासाठी काळजी वाटते. केळीचे पैसे व्यापाऱ्याकडून आल्यावर फेडू, अशा भरवशावर जळगावच्या सराफ बाजारातील २०,००० रुपयांच्या खरेदीची बाकी तुम्ही ठेवलीत आणि व्याज दरमहा ३.५ टक्के असले, तर वर्षाचा दर ४२ टक्के होतो. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही सहसा पहिल्या दिवसापासून व्याज लागते. कार्डाने रोख रक्कम मुळीच काढू नका.