दगडासारखा गोठलेला आंबा आणि इतर प्रश्न

उन्हाचा तडाखा वाढू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत थंड पदार्थांविषयीच्या तक्रारी वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी फळांचा गर गोठवून केल्या जाणाऱ्या पदार्थांविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण त्यांतील बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे.

प्रश्न : मी १ किलो आंब्याच्या गरात ४०० मिलिलिटर पाणी आणि ५० ग्रॅम साखर घालून मिश्रण मिक्सरमधून फिरवले व खोल डब्यात भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले. सकाळी त्याचा असा दगड झाला होता की चमचा वाकला. आंबा मुळात गोड असल्याने साखर मुद्दाम कमी घातली होती. माझे काय चुकले, आणि हा दगड आता टाकून द्यावा लागेल का?

उत्तर : टाकून देऊ नका, तो दुरुस्त होईल. चूक कोठे झाली ते आपल्या पत्रातील आकड्यांतच दडलेले आहे. आपण साखरेचा विचार केवळ गोडीच्या अंगाने केला. पण गोठवलेल्या पदार्थात साखर गोडीपेक्षाही मऊपणासाठी लागते.

शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. त्यात साखर विरघळली की गोठण्याचा बिंदू खाली उतरतो. चांगल्या गोड मिश्रणात पहिले स्फटिक उणे २ ते ३ अंशांच्या आसपास तयार होऊ लागतात. मात्र खरी गंमत यानंतर घडते. गोठते ते केवळ पाणी; साखर बर्फाच्या स्फटिकाबाहेरच राहते. त्यामुळे जसजसे पाणी बर्फात रूपांतरित होते, तसतसा उरलेला पाक अधिकाधिक दाट होत जातो आणि त्याला गोठवण्यासाठी आणखी कमी तापमान लागते. घरातील फ्रीझरचे तापमान साधारणपणे उणे १८ अंश असते, आणि तेवढ्या थंडीतही या दाट पाकाचा काही भाग द्रवच राहतो. स्फटिकांच्या मधोमध वंगणासारखा पसरलेला हा पाक असतो म्हणून चमचा आत शिरतो. साखर कमी पडली तर पाक अगदीच थोडा उरतो, स्फटिक एकमेकांना चिकटतात आणि आपल्या डब्यात झाला तसा दगड होतो.

आता आपलेच आकडे पाहू. पिकलेल्या आंब्याच्या गरात वजनाच्या सुमारे १४ टक्के साखर असते, म्हणजे आपल्या १ किलो गरात ती १४० ग्रॅमच्या आसपास होती. वरून घातलेली ५० ग्रॅम धरली तर एकूण १९० ग्रॅम साखर झाली. पण पाण्यामुळे मिश्रणाचे वजन १,४५० ग्रॅमवर गेले. हे प्रमाण जेमतेम १३ टक्के झाले. चमच्याने सहज उचलता येईल अशा, दुधाशिवायच्या गोठवलेल्या फळगरासाठी, ज्याला सॉर्बे म्हणतात, फळातील नैसर्गिक साखर धरून एकूण प्रमाण २५ ते ३० टक्के असावे लागते. तेव्हा डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मिश्रण पूर्ण वितळू द्या, त्यात आणखी सुमारे २५० ग्रॅम साखर नीट विरघळवा, दोन मोठ्या लिंबांचा रस आणि चिमूटभर मीठ घाला व पुन्हा गोठवा. एवढी साखर वाचून दचकू नका. तिचा मोठा भाग त्या ४०० मिलिलिटर पाण्याची भरपाई करण्यातच खर्ची पडणार आहे. पुढच्या वेळी पाणी जवळजवळ घालूच नये. ५०० ग्रॅम गराला १३० ग्रॅम साखर, साखर विरघळवण्यापुरते १०० मिलिलिटर पाणी आणि एका लिंबाचा रस, एवढे पुरे होते.

हे मिश्रण गोठवण्यापूर्वी चाखले तर नको इतके गोड लागेल, आणि ते तसेच लागले पाहिजे. जीभ थंड झाली की तिला गोडी कमी जाणवते, म्हणून बाहेरच्या तापमानाला बेताचे गोड वाटणारे मिश्रण गोठल्यावर फिके लागते. मोजण्याचा काटा नसल्यास एक जुनी युक्ती आहे. कवच न तडकलेले, स्वच्छ धुतलेले कच्चे अंडे मिश्रणात अलगद सोडावे. ते तरंगले आणि त्याचा लहान नाण्याएवढा भाग वर दिसला, तर साखर बरोबर झाली; बुडाले तर कमी, आणि फारच वर आले तर जास्त. ही परीक्षा गाळलेल्या पातळ रसात विश्वासार्ह ठरते. आंब्याच्या दाट गरात मात्र अंडे नुसत्या दाटपणामुळेही अडकून राहू शकते, म्हणून तेथे वजनाचा हिशेबच बरा.

दुसरी गोष्ट भांड्याची. खोल डब्यातील मिश्रण हळूहळू गोठते, आणि गोठणे जितके संथ तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात. मिश्रण आधी फ्रिजमध्ये चांगले गार करावे, मग पसरट धातूच्या भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर ओतावा. कडा गोठल्या की बाहेर काढून पुन्हा मिक्सरमधून फिरवावे, आणि असे दोन वेळा करावे. आइस्क्रीमचे यंत्र जे काम सतत घुसळून करते, तेच आपण हप्त्याहप्त्याने करतो, एवढाच फरक.

प्रश्न : आमच्याकडे मधुमेहाचे रुग्ण आहेत. साखरेऐवजी गोडी आणणाऱ्या गोळ्या किंवा पूड वापरली तर चालेल का?

उत्तर : गोडी येईल, मऊपणा येणार नाही. ही पूड साखरेच्या शेकडो पट गोड असल्याने ती चिमूटभरच पडते, आणि गोठण्याचा बिंदू खाली आणण्यासाठी पाण्यात विरघळलेले कण पुरेशा संख्येने असावे लागतात. पदार्थ कितीही गोड लागला तरी त्याचा दगडच होईल. मध किंवा खजूर वापरून साखर टाळली, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु तीही साखरच आहे, केवळ तिचे रूप वेगळे. मधातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे रेणू साध्या साखरेच्या रेणूंपेक्षा लहान असल्याने तितक्याच वजनात त्यांची संख्या जास्त भरते व मिश्रण अधिक मऊ राहते, हे खरे. रुग्णाच्या दृष्टीने मात्र त्यात सूट नाही. किती प्रमाणात खावे हे डॉक्टरांनाच विचारावे. एका वर्षाखालील बाळाला मध घातलेले काहीही देऊ नये, हेही येथेच सांगून ठेवतो.

कमी साखरेत काही करायचेच असेल तर मऊपणाचा हट्ट सोडावा आणि स्फटिकांनाच पदार्थ मानावे. पुढील उत्तर त्यासंबंधीचेच आहे.

प्रश्न : घरात आइस्क्रीमचे यंत्र नाही आणि मिक्सरही बिघडला आहे. कलिंगड मात्र भरपूर आहे. काही करता येईल का?

उत्तर : काटा-चमच्यातला एक काटा असला की झाले. गोठत आलेला रस काट्याने खरवडून केलेल्या सुट्या बर्फकणांच्या पदार्थाला ग्रानिटा म्हणतात, आणि खरे सांगायचे तर अतिशय उकाड्याच्या दुपारी मला कोणत्याही मऊ प्रकारापेक्षा हाच अधिक आवडतो, कारण तो जिभेवर लगेच विरघळतो आणि मागे चिकटपणा ठेवत नाही.

कलिंगडात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, साखर मात्र केवळ सहा टक्क्यांच्या आसपास. सॉर्बेसाठी हे अडचणीचे, पण ग्रानिटात स्फटिक हवेच असल्याने एकूण साखर १५ टक्क्यांच्या जवळपास असली तरी चालते. बिया काढून फोडी हाताने किंवा रवीने कुस्करा व रस गाळून घ्या. १ किलो रसाला सुमारे १०० ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस पुरतो. तो पसरट ताटात ओतून फ्रीझरमध्ये आडवा ठेवा. पाऊण तासाने कडेला बर्फ धरलेला दिसेल. तो काट्याने खरवडून मध्ये ओढावा. त्यानंतर दर अर्ध्या तासाने हेच करावे. तीन ते चार तासांत सगळा रस सुट्या, चमकदार कणांचा होतो. मध्येच झोप लागली आणि ताट एकजीव गोठले, तरी बिघडत नाही; दहा मिनिटे बाहेर ठेवून जोर लावून खरवडावे, कण थोडे जाड येतील इतकेच.

प्रश्न : केळी गोठवून मिक्सरमध्ये फिरवली की आइस्क्रीमसारखी होतात असे ऐकले होते, माझा मात्र भुगा झाला. शिवाय रंगही काळपट आला.

उत्तर : आपण भुग्यावरच थांबलात. गोठलेल्या केळ्याच्या चकत्यांचा आधी रवाळ चुरा होतो, मग गोळे बनतात, आणि आता काही होत नाही असे वाटू लागते तेव्हा ते एकाएकी गुळगुळीत होते. या मधल्या अवस्थेत घाबरून दूध किंवा पाणी ओतले की सारे बिघडते. मिक्सर सलग न चालवता थांबून थांबून फिरवावा, कडेचे मिश्रण चमच्याने खाली ढकलावे, आणि एका वेळी दोन-तीन केळीच घ्यावीत. भांडे तापले की पदार्थ वितळतो. केळ्यात इतर रसाळ फळांच्या तुलनेने पाणी कमी आणि पेक्टिन, म्हणजे फळांतील दाटपणा आणणारा घटक, पुरेसे असते, त्यामुळे बाहेरून काहीही न घालता मलईसारखा पोत येतो. त्यासाठी फळ सालीवर काळे ठिपके पडण्याइतके पिकलेले हवे, कारण पिकताना त्यातील स्टार्चची साखर होते. कच्चट केळे या कामाचे नाही. चकत्या एकमेकींना न चिकटतील अशा ताटात पसरून गोठवाव्यात.

काळपटपणा हवेशी संयोग झाल्याने येतो. चिरल्याबरोबर चकत्यांना लिंबाचा रस चोळावा.

प्रश्न : अननसाचा गर आणि दूध एकत्र करून गोठवले, तर कडू झाले. फळ खराब होते का?

उत्तर : फळ चांगलेच होते. अननसातील ब्रोमेलेन, पपईतील पपेन आणि किवीतील ॲक्टिनिडिन ही विकरे प्रथिनांचे तुकडे करतात, आणि दुधातील प्रथिनांच्या अशा लहान तुकड्यांना कडवट चव असते. थंडीने या विकरांचे काम मंदावते, पण ती नष्ट होत नाहीत. गर काही मिनिटे उकळून पूर्ण गार केल्यावर दुधात मिसळला तर कडूपणा येत नाही, मात्र ताज्या अननसाचा वासही थोडा जातो. माझे मत विचाराल तर अननसाला दुधाची गरजच नाही. साखर आणि लिंबू घालून त्याचा सॉर्बे करावा.

प्रश्न : असा पदार्थ किती दिवस टिकतो? वीज गेली आणि वितळला, तर पुन्हा गोठवावा का?

उत्तर : दोन आठवड्यांत संपवलेला बरा. त्यानंतर तो खाण्यास अपायकारक होतो असे नाही, परंतु फ्रीझरचे दार उघडझाप होताना तापमान वरखाली होते, लहान स्फटिक वितळून मोठ्यांवर जमतात आणि पोत खरखरीत होत जातो. पृष्ठभागाला चिकटेल असा प्लॅस्टिकचा कागद लावून घट्ट झाकणाचा डबा वापरावा व तो दारापासून दूर, आतल्या बाजूस ठेवावा. साच्यांत कांड्या करणार असाल तर वर थोडी जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि काठोकाठ भरलेला साचा उतू जातो.

वितळूनही मिश्रण फ्रिजइतके गार राहिले असेल, तर फिरवून पुन्हा गोठवण्यास हरकत नाही. पण ते उन्हाळ्याच्या उष्म्यात तासन्‌तास पडून राहिले असेल, आणि विशेषतः त्यात दूध असेल, तर टाकून द्यावे. गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते, ते मरत नाहीत. याच कारणासाठी फळे चिरण्याआधी धुवावीत. कलिंगडाचे सालसुद्धा, कारण सुरी त्याच सालातून आत जाते.