खोताच्या वाडीत पोर्तुगीज घरं कुठून आली?

तुम्ही विचारलंय, गिरगावात एवढ्या चाळींच्या मधोमध खोताच्या वाडीत पोर्तुगीज घरं कशी? माझं म्हणणं, आधी 'पोर्तुगीज' हा शब्दच काढून टाका. १६६१ च्या तहात पोर्तुगिजांनी मुंबई देऊन टाकली, १६६५ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला. ही वाडी वसली त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी.

जमीन होती दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले, असं सांगतात. ही माणसं इथलीच, ख्रिस्ती, घरात मराठीचीच एक बोली बोलणारी. 'ईस्ट इंडियन' हे नावही त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, मूळचे इथले, हे सरकारदरबारी ठसावं म्हणून. घरांच्या घडणीत पोर्तुगीज वळण आहेच, पण ती बांधली आणि राखली मराठी बोलणाऱ्यांनी. म्हणून तो शब्द मला खटकतो.

आता रचना. गिरगावात वाडी म्हणजे मुळात बाग. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावं आठवा. त्यामुळे इथे सरळ आखलेला रस्ता नाही. ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यावर घर बांधलं आणि मधे उरली ती गल्ली. वळणावर समोरून स्कूटर आली तर भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं लागतं.

घरं बहुतेक एकमजली, कौलारू. पुढे व्हरांडा, तोही थेट गल्लीला लागून. वर लाकडी कठड्याची गॅलरी. मला सगळ्यात आवडतो तो बाहेरचा जिना. तो घराच्या अंगावरून चढतो, त्यामुळे आतल्या खोल्यांची जागा खात नाही, आणि वरच्या मजल्यावर वेगळं बिऱ्हाड सहज राहू शकतं. जागा कमी असताना काढलेली ही फार शहाणी युक्ती आहे.

पूर्वी इथे पासष्ट घरं होती म्हणतात. आता त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. मोडलेल्या घरांच्या जागी इमारती उठल्या.

चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. रविवारी सकाळी जा, गल्ली शांत असते. फक्त व्हरांड्यात कुणी बसलं असेल तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका, तो त्यांच्या घराचा दिवाणखानाच आहे.