ईईजीवरून माणसाचं लक्ष कुठे आहे ते कळतं का?

ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी टिपणं. त्यातून मनातला विचार वाचता येत नाही, पण लक्ष होतं की नव्हतं हे बऱ्यापैकी कळतं.

स्वारगेटला एवढ्या गोंगाटात आपल्या गाडीची घोषणा झाली की कान टवकारतात ना, प्रयोगही तसाच असतो. हेडफोनमधून एकच सूर वारंवार वाजतो, मधूनच वेगळा येतो. तो वेगळा तेवढा मोजायचा. तो वाजल्यावर साधारण 300 मिलिसेकंदांनी टाळूच्या मागच्या बाजूला विजेची एक धन (पॉझिटिव्ह) लहर उमटते. तिचं नाव पी-300, आणि ती 1965 पासून माहीत आहे. मोजणं सोडून पुस्तक वाचत बसलात, तर तोच सूर कानात शिरूनही ती लहर पार बारीक होते! मला तरी यातली हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते.

मात्र ही लहर काही मायक्रोव्होल्टचीच. पापणी लवली तरी त्याहून कितीतरी मोठा झटका नोंदला जातो. म्हणून सूर पुन्हापुन्हा ऐकवून सरासरी काढतात. वेळ अचूक कळते, मेंदूतली जागा मात्र अंधुकच.

त्यामुळे मुलाची एकाग्रता मोजून देतो म्हणणारी कपाळपट्टी घेताना दहादा विचार करा. पापण्यांचा आणि स्नायूंचा गोंधळ नेमका कपाळावरच जास्त असतो.