मिरजेच्या मुलीला, हॅमिल्टनहून

"ताई, सप्टेंबरला शिकायला कॅनडाला येतेय. चर्च कसं शोधू? आणि सगळ्यावर विश्वास बसत नाही माझा, तरी घेतील का?" एवढंच विचारलंस, आणि माझ्या दोन रात्री गेल्या. व्हिसा, फी, खोली हे तुला कॉलेज सांगेल.

मीही मिरजेचीच. 1894 ला आपल्याकडं मिशन हॉस्पिटल काढणारे वॉन्लेस साहेब कॅनडात जन्मलेले. मला वाटलेलं, त्यांच्या मुलखात आपल्याला ओळखतील. छे! ऑन्टॅरिओत कॅथलिक शाळाही सरकारी पैशावर चालतात. आमच्या घरासमोरच एक. लेकीच्या बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन गेले, आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा (सीएनआय), पाळकसाहेबांच्या, म्हणजे पाद्रींच्या हातचा. टेबलामागच्या बाईंनी उलटसुलट करून बघितला. "हा कॅथलिक नाही." नियम आहे, ठीक. पण मग हसून विचारलं, "तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात?" माझ्या पणजीचं लग्न मिरजेच्या ख्रिस्ती देवळात लागलं होतं, हे मी घरी येऊन भाकरी थापताना तव्याला सांगितलं. लेक तीन वर्षं पिवळ्या बसनं लांबच्या शाळेत गेली. ती विसरली. मी नाही.

असो. आपली सीएनआय 1970 ला सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळी चर्चं एकत्र येऊन झाली, तसं इथं 1925 ला घडलं. मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन असे प्रोटेस्टंट पंथ मिळून युनायटेड चर्च झालं. जे प्रेस्बिटेरियन आले नाहीत ते वेगळेच राहिले, म्हणून एकाच रस्त्यावर दोन्ही दिसतील, गोंधळू नकोस. युनायटेडमध्ये पाळकीणबाईही भेटतील, 1936 पासून ते बायकांना दीक्षा देतात. दोन्हीकडं तीन-तीन रविवार जा आणि उपासनेनंतर कॉफीला थांब. माणसं तिथंच कळतात.

घेतील का? अगं, दारातूनच घेतील. तरुण पोरगी आत आली की सगळी पांढरी डोकी वळतात. महिन्याभरात कॉयरमध्ये उभी करतील, समोसे आणायला सांगतील. तू काय मानतेस ते मात्र कुणी विचारणार नाही, आणि माझं तिथंच बिनसलं.

बाबा गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकलेला. जाता आलं नाही. फोनवर जो तो म्हणाला, प्रभूची इच्छा. ते माझ्या घशाखाली उतरलं नाही, अजून उतरत नाही. इथं अकरा वर्षं कॉयरमध्ये ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर गातेय, पण हे एकालाही बोलले नाही. मिरजेत असते तर आत्यानं शास्त्र उघडून वचन दाखवलं असतं, कडाक्याचं भांडण झालं असतं, आणि संध्याकाळी पुन्हा चहाला तिच्याकडंच.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 ला साताऱ्यात देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र होते. आजोबा हे सांगायचे तेव्हा मी जांभया द्यायचे.

तू असं कर. पहिल्याच महिन्यात पाळकाला गाठून सरळ सांग, मला अमुक पटत नाही. त्यानं विषय बर्फावर नेला तर पुढच्या रविवारी दुसरीकडं जा. मी हे केलं नाही, म्हणून सांगतेय.

एकटेपणा फेब्रुवारीत येतो. बूट चांगले घे.

आणि मंडळीचं बदलीचं पत्र, म्हणजे तू आपल्या चर्चची सभासद असल्याचं पत्र आण, जमल्यास इंग्रजीत टाइप करून. माझं मराठीतलं, जांभळ्या शिक्क्याचं, अजून बायबलात आहे. कुणी मागितलंच नाही.