'इथिओपिया'त पहिल्यांदा जाताना

तोक्योत जिंबोच्यो भागात 'इथिओपिया' नावाचं उपाहारगृह आहे. नाव आफ्रिकेचं, पदार्थ जपानी करी. तिखटाचे आकडे 0 ते 70. कोल्हापूरचा आहेस म्हणून थेट 30 सांगू नकोस! 0 म्हणजे बिनतिखट नव्हे. पहिल्यांदा 3 पुरे. आधी मसाल्यांचा वास येतो, तिखट मागाहून चढतं, तोवर निम्मी थाळी संपलेली असते.

करीआधी उकडलेला बटाटा नि लोणी येतं. भुकेच्या भरात सगळं फस्त करू नकोस, थोडं राखून ठेव. तोंड पेटलं की पाण्याने काही होत नाही, स्निग्ध पदार्थानेच उतार पडतो. शाकाहारी असशील तर भाज्यांची करी दिसली तरी रश्श्यात मांसाचा अर्क आहे का, ते आधी विचार. आणि गर्दीच्या वेळी जेवण झाल्यावर गप्पा मारत बसू नकोस.